लेथला थांबायला कोणी शिकवले?

श्रोतेहो, रहिमतपूरच्या स्टेशनात उभे राहिले, की पुणे-मिरज लोहमार्ग दोन अंगांना दोन कारखान्यांकडे जातो. वरच्या अंगाला, कोरेगावच्या पलीकडे, सातारा रोड. तिथे 1922 साली धनजीशा कूपर यांनी कारखाना घातला. खालच्या अंगाला, कऱ्हाड ओलांडून गेले की किर्लोस्करवाडी. तिथे 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपले बस्तान हलवले. दोन्हीकडे आधी लोखंडी नांगर झाले. पुढे सातारा रोडला इंजिने झाली, वाडीला पंप झाले, आणि आपल्या विहिरींवरची मोट हळूहळू गेली.

पण पंपाचा दांडा तंतोतंत गोल आणि एका मापाचा हवा असेल, तर आधी लेथ हवा. किर्लोस्करांनी 1941 साली तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली, ती या लेथांसाठीच. ती कंपनी पुढे बंद पडली. तिचे लेथ मात्र आपल्याकडच्या कितीतरी वर्कशॉपांतून वर्षानुवर्षे फिरत राहिले. यंत्र करणारे हे यंत्र. त्याला ‘आपोआप’ काम करायला कसे शिकवले, ती हकिगत आज सांगायची आहे.

आणि ती सुरू करायची तर मोटेपासूनच केली पाहिजे. वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. बैल धावेवरून खाली उतरले, की भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात आपोआप रिती होई. ती कोण उपडी करी? कोणीही नाही. मोटेला दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून, आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर खालच्या रहाटावरून. मोट वर येईपर्यंत सोंड वर दुमडलेली राही, आणि काठाशी येताच बारीक दोर तिला पुढे ओढून घेई. पाणी कधी सांडायचे हे ज्याने दोरांची लांबी ठरवली त्याने एकदाच ठरवून ठेवलेले असे. मोट हाकणाऱ्याला त्याची आठवण ठेवावी लागत नसे. स्वयंचलित यंत्र म्हणजे याहून फार वेगळे काही नाही, बरं का.

आता साध्या लेथकडे या. स्पिंडल म्हणजे फिरणारा कणा. त्याच्या तोंडाशी चक, चकात लोखंडी गज, आणि गजाला टेकलेले धारदार हत्यार. चांगला टर्नर इथे तीन गोष्टी सारख्या सांभाळतो. किती वेगाने फिरवायचे, कधी थांबवायचे, आणि पुढचे हत्यार कधी समोर आणायचे.

वेगाचा हिशेब शाळेतल्या मुलांनाही करता येईल. हत्याराखालून मिनिटाला 30 मीटर लोखंड सरकावे असे धरू. गजाचा व्यास 30 मिलिमीटर, म्हणजे घेर सुमारे 94 मिलिमीटर. तेव्हा मिनिटाला सुमारे 320 फेरे हवेत. गज 15 मिलिमीटरचा असेल तर फेरे दुप्पट, 640. बारीक गज जलद, जाड गज सावकाश. आटे पाडताना तर आणखी सावकाश, आणि आटे झाले की उलटे फिरवून हत्यार बाहेर काढायचे. जुन्या काळी छताखालून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत. लेथवर पायऱ्यापायऱ्यांची पुली असे. टर्नर काठीने पट्टा एका पायरीवरून दुसरीवर ढकली. उलट फिरवायचे तर पट्ट्याला पीळ देऊन आडवा घातलेला.

हे हातचे काम यंत्राच्या अंगी आणण्याचा मोठा टप्पा अमेरिकेत गाठला गेला. 1845 साली स्टीफन फिच यांनी आठ हत्यारे एका फिरत्या डोक्यावर बसवली. त्याला टरेट म्हणतात. मग 1873 साली ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी स्क्रू करणाऱ्या लेथचे पेटंट घेतले. हे गृहस्थ आधी बंदुका करीत. त्यांच्या लेथखाली एक पिंप सावकाश फिरे. त्याच्यावर वाकड्या पट्ट्या जडवलेल्या. पट्टीचा उंचवटा आला की दांडी सरके, दांडी सरकली की पट्टा बदले किंवा हत्यार पुढे जाई. म्हणजे मोटेचा बारीक दोरच, पण एका कामाऐवजी दहा कामे सांगणारा. पट्ट्या बदलल्या, की त्याच यंत्रावर दुसरा स्क्रू. या पिंपाला लोक ‘मेंदूचे चाक’ म्हणू लागले. आणि दैव बघा, पेटंटाचा मसुदा करताना नेमके हेच चाक त्यात सुटले! ज्यात सारी अक्कल होती त्याच्यावर स्पेन्सरांचा हक्क राहिला नाही. दुसऱ्यांनी ते खुशाल वापरले.

लोक म्हणतात, यंत्राने वेग आणला. मला तर वाटते, वेग सोपा होता. कुंभाराचे चाकसुद्धा वेगाने फिरते. अवघड होते ते थांबणे. क्लच सुटला तरी जड स्पिंडल आणि चक आपल्या जोरावर फिरतच राहतात. दिवसाला हजार नग करायचे असतील, आणि दर नगाला ते आपसूक थांबेपर्यंत वाट पाहायची असेल, तर संध्याकाळी हिशेब काय लागेल? शिवाय न थांबलेल्या चकात हात घालून बोट गमावलेला कामगार कुठल्याही जुन्या कारखान्याच्या गावात भेटेल. म्हणून ब्रेक आला, आणि तो क्लचच्या दांडीलाच जोडला. एक धरला की दुसरा सुटलाच पाहिजे. दोन्ही एकदम धरले तर पट्टा तरी जळेल, नाहीतर काहीतरी मोडेल. यात आणखी एक खोच होती. जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला. ब्रेक फार करकचून लागला, तर स्पिंडल थांबे आणि चक आपला फिरत फिरत उलगडून निघू पाही. तेव्हा थांबवायचे, पण बेताने.

तिसरी गोष्ट टरेट वळवण्याची. सहा हत्यारांचा टरेट दर खेपेला बरोबर 60 अंश वळला पाहिजे. केसभर चुकला तर भोक वाकडे. ही युक्ती तुम्ही जत्रेतल्या तंबूत नकळत पाहिली आहे. सिनेमाची फीत एकेक चित्र पुढे सरकून क्षणभर थांबते, सेकंदाला 24 वेळा. तिथे खाचा पाडलेला एक तारा असतो. शेजारचे चाक अखंड फिरते, त्याची पिन खाचेत शिरते, ताऱ्याला एक घर पुढे नेते आणि निघून जाते. पुन्हा पिन येईपर्यंत तारा स्वस्थ. अशा ताऱ्याने टरेटही वळवता येतो. पिन खाचेच्या रेषेतच आत शिरते, म्हणून सुरुवातीला धक्का नाही आणि शेवटी हिसका नाही. नेमकेपणा मात्र एवढ्यावर सोडत नाहीत. टरेट वळला की एक अणकुचीदार खुंटी भोकात बसून त्याला कुलूप घालते. वळण्याआधी ती निघाली पाहिजे, वळल्यावर बसली पाहिजे.

1952 साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या हुकमाने चालणारे पहिले यंत्र दाखवले गेले, आणि तिथून आजच्या सीएनसी लेथपर्यंतचा रस्ता निघाला. पिंपाची जागा आकड्यांनी घेतली. गज कापत आत जावे, तसा वेग यंत्र स्वतः वाढवते, वरचाच 30 मीटरचा हिशेब ते क्षणोक्षणी करते. ब्रेकचे पुष्कळसे काम मोटरच करते. काम तिन्ही तीच. टर्नरची अक्कलही गेली नाही, ती आधी खर्च होऊ लागली एवढेच. मेंदूचे चाक जुळवणारा असो की आकडे भरणारा असो, त्याचा चुकलेला एक घर हत्यार मोडतो. म्हणून ‘यंत्र आपोआप करते, माणूस कशाला हवा’ असे कोणी म्हणाले, की मला ते अर्धेच पाहिलेले वाटते.

शिक्षक मंडळींनी हा तारा वर्गात जाड पुठ्ठ्याचा करून पाहावा. दोन टाचण्या 10 सेंटीमीटर अंतरावर रोवा. एकीवर चाक, त्याच्या केंद्रापासून 5 सेंटीमीटरवर पिन. दुसरीवर सहा खाचांचा तारा, केंद्रापासून टोकापर्यंत साडेआठ सेंटीमीटरांहून थोडा मोठा. खाचा केंद्राकडे 5 सेंटीमीटरांच्याही जरा आतपर्यंत न्या. चाक सावकाश फिरवा. एका फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यात तारा एक घर सरकतो, उरलेले दोन हिस्से थांबतो. त्या थांबलेल्या वेळात ताऱ्याला बोट लावा. तो हलेल. मग मुलांना विचारा, इथे कुलूप कुठे बसवाल?