शाई घरची, रंग आपला

१/ रोजच्या लिखाणाची शाई स्वतः सिद्ध करणे हा एके काळी छंद नव्हता. तो लेखनकर्माचाच भाग होता.

२/ परंपरेनुसार दासबोध रायगड जिल्ह्यातील शिवथरघळीत सिद्ध झाला. त्याच्या १९व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचा आहे. समर्थ रामदास तेथे देशोदेशींचे बरू आणण्यास, हिंगूळ संग्रही ठेवण्यास आणि मस भिजवून, वाळवून साठवण्यास सांगतात. मस काळी, हिंगूळ लाल.

३/ काळ्या शाईचे घटक साधे : दिव्याचे काजळ, डिंक आणि पाणी. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने विटत नाही. म्हणूनच अनेक मोडी कागदांवरील अक्षर शतकांनंतरही काळेभोर आहे.

४/ फाउंटन पेनाने हे गणित बदलले. काजळाचे कण आणि डिंक निबेमागील बारीक नाळीत अडकतात. त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची शाई रूढ झाली. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईची पूड व वड्या बनवण्यास प्रारंभ केला. कॅम्लिनचा उगम तोच.

५/ अशा निळ्या शाईत थोडी काळी मिसळली की मनाजोगता रंग साधतो. मात्र पाण्याचा एक थेंब पडला तरी ते अक्षर पसरते. रंग निवडण्याची मोकळीक मिळाली. काजळाचा टिकाऊपणा मात्र दौतीतच राहिला.