जात्यापासून डंबेलपर्यंत: बायकांच्या ताकदीचा इतिहास आणि 'टोन्ड' शरीराचा प्रश्न



ओपीडीत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. विचारणारी कधी लग्न ठरलेली पंचविशीतली मुलगी असते, कधी बाळंतपणानंतर वर्षभराने आलेली आई, तर कधी पन्नाशीच्या घरातल्या काकू. "डॉक्टर, मला टोन्ड दिसायचंय. चालणं वाढवू की वजनं उचलू? पण वजनं उचलली तर पुरुषांसारखे दंड होतील ना?"

अशाच एक ताई मागे आल्या होत्या. वय ४८. विद्यापीठ परिसरात रोज पहाटे तासभर चालणाऱ्या. दोन वर्षांत त्यांनी ९ किलो वजन उतरवलं होतं, तरी दंड लोंबतात आणि पोट सैलच दिसतं ही त्यांची तक्रार होती. मी त्यांना सतरंजीवर मांडी घालून बसायला सांगितलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. त्यांना उठता आलं नाही. पुढे तपासणीत हाडंही विरळ झालेली निघाली. त्या चालण्यात अजिबात कमी पडल्या नव्हत्या. स्नायूंना काम देणारा व्यायाम मात्र त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं इतिहासात जावं लागेल. आपल्या शहरापासूनच सुरुवात करू.

पाणचक्की आणि घरातलं जातं

पाणचक्की तुम्ही पाहिली असेलच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ च्या सुमारास ती उभी राहिली. काही किलोमीटर दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्या जोरावर दगडी चक्की फिरवली जाई आणि फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जाई. तिथे दळणाचं काम पाणी करत होतं. त्याच शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी मात्र ते काम बाईचे हात करत होते.

पहाटे उठून जात्याचा खुंटा धरायचा, ज्वारीचा घास टाकायचा आणि जड दगड गरागरा फिरवायचा. मग आडावरून पाणी शेंदायचं, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायचा, उखळात मुसळाने कांडायचं. हात, खांदे, पाठ, मांड्या, पकड, सगळ्यांना रोज भार मिळायचा. जात्यावर गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जमवल्या. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. इतक्या ओव्या रचायला किती पहाटा आणि किती दळण लागलं असेल, याचा अंदाज करा.

पण इथे मला सावध करायचं आहे. "आपल्या आज्या जातं ओढायच्या म्हणून त्यांना काही होत नव्हतं" असं म्हणणं खरं नाही. त्यांना कंबरदुखी होती, रक्त कमी होतं, लागोपाठच्या बाळंतपणांनंतर अंग बाहेर येण्याचा त्रास होता. कारण त्या कष्टात तीन गोष्टी नव्हत्या: विश्रांती, पोटभर पौष्टिक जेवण आणि शरीर तयार होईल तसा बेताने वाढवलेला भार. घरातली बाई सगळ्यांत आधी उठायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे त्यांचं काम आहे.

मग वीज आली, पिठाची गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला. बाईचा जीव सुटला, आणि ते चांगलंच झालं. आपल्या शहरात पाणी आलं की आजही हंडे-बादल्यांची धावपळ होते हे खरं, पण रोजचा भार बहुतेक घरांतून गेला. त्याबरोबर स्नायूंना मिळणारं कामही गेलं. त्याच्या जागी काही यायला हवं, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

आधी धावायलाही बंदी होती

आज आपण बायकांना सहज सांगतो, "कार्डिओ करा." पण शंभर वर्षांपूर्वी तेही धोक्याचं मानलं जाई. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. ती संपल्यावर धावपटू दमलेल्या दिसल्या, म्हणून ओरड झाली आणि ती शर्यत बंद केली गेली. ती परत आली थेट १९६० मध्ये. १९६७ साली कॅथरीन स्विट्झर बोस्टन मॅरेथॉन धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला रस्त्यावरच ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. तरी तिने शर्यत पूर्ण केली. बायका जास्त धावल्या तर गर्भाशय खाली येईल, मूल होणार नाही, अशा समजुती तेव्हा चांगले शिकलेले लोकही बाळगून होते.

१९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं आणि हृदयासाठी धावणं-चालणं लोकप्रिय झालं. १९८२ मध्ये जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली आणि घराघरांतल्या बायका टीव्हीसमोर व्यायाम करू लागल्या. १९८४ मध्ये बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली. धावण्याची भीती संपली. पण ती भीती पुरती गेली नाही, ती सरकून वजनांच्या खोलीच्या दारात जाऊन बसली.

ताकदवान बाई म्हणजे तमाशा?

आपल्याकडे काय होतं? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. संस्थानातल्या शाळांत तो सुरू केला आणि स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. सूर्यनमस्कारात स्वतःच्या शरीराचा भार हातांवर येतो, म्हणून त्यात ताकदीचा अंश आहेच. आपल्याकडे मुली दोरीचा मल्लखांबही करतात. त्यात तर अख्खं शरीर पकडीवर तोलावं लागतं.

पण उघडपणे ताकद दाखवणाऱ्या बाईकडे समाज कसा बघत होता? हमीदा बानो या कुस्तीगीर बाईंनी १९५४ मध्ये बडोद्यात बाबा पहिलवानांना १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती मात्र विरोधामुळे रद्द झाली. वर्तमानपत्रांत त्यांच्या डावपेचांपेक्षा त्यांचं १०८ किलो वजन आणि आहार यांचीच चर्चा जास्त. उत्तरायुष्य त्यांनी कल्याणमध्ये काढलं. ताकदवान बाई म्हणजे अवाढव्य बाई, हे चित्र लोकांच्या मनात असंच पक्कं होत गेलं. तुमच्या मनातल्या "माझे दंड पुरुषांसारखे होतील" या भीतीचं मूळ तिथे आहे.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ पासून आहे. बायकांना ते खुलं व्हायला २००० साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरी यांनी एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री वेटलिफ्टर आहे.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातली मुलगी पाहा. पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड. मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकलं. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. तिचा वजनगट होता ४५ किलो. तिने स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो, असे एकूण १५३ किलो उचलले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पटींहून जास्त भार एका दमात डोक्यावर! वर्षानुवर्षं रोज जड वजनं उचलूनही ती तेव्हा ४५ किलोच्या गटात बसत होती. तुम्ही आठवड्यातून दोनदा ५ किलोचे डंबेल उचलून पहिलवान कशा व्हाल?

शरीरशास्त्रही हेच सांगतं. मोठे स्नायू होण्यात टेस्टोस्टेरॉन या हार्मोनचा मोठा वाटा असतो. बायकांच्या रक्तात ते पुरुषांच्या साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्शाइतकंच असतं. त्यामुळे बाईची ताकद भरपूर वाढते, आकार मात्र बेताने वाढतो.

'टोन्ड' म्हणजे नेमकं काय?

वैद्यकशास्त्रात 'टोनिंग' असा वेगळा व्यायाम नाही. आपण ज्याला टोन्ड म्हणतो त्यात दोन गोष्टी असतात: पुरेसा स्नायू आणि त्यावर चरबीचा पातळ थर. चरबी कमी व्हायला मुख्यतः आहार आणि त्याला चालण्या-धावण्याची जोड लागते. स्नायू मात्र भार दिल्याशिवाय बनत नाही. नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. त्या ताईंचे दंड म्हणूनच लोंबत होते. आणि हो, पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी उतरत नाही. ती कुठून उतरेल हे शरीर ठरवतं.

दिसण्यापेक्षाही मोठा प्रश्न पुढच्या आयुष्याचा आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतो, आणि पाळी जाण्याच्या सुमारास हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ असलेल्या १०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनांचा व्यायाम केला. ८ महिन्यांनी त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता जवळपास ३ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली होती.

वजनं वैद्यकात आली तीही उपचार म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या अशक्त पायांना वजनाचा व्यायाम देत आणि ताकद येईल तसा भार वाढवत. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. भार हळूहळू वाढवायचा, मध्ये विश्रांती द्यायची आणि पोटभर पौष्टिक खायचं. आपल्या आज्यांच्या कष्टात ज्या तीन गोष्टी नव्हत्या, त्याच या.

मग तुम्ही काय करायचं?

कार्डिओ सोडायचा नाही. हृदय, साखर, झोप, मन यांसाठी तो हवाच. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आपण पहिलं वाक्य वाचतो आणि दुसरं विसरतो.

सुरुवात घरीच करा:

१. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा.
२. भिंतीला हात टेकून दंड काढा. जमू लागलं की ओट्याला टेकून.
३. पाठ सरळ ठेवून, कंबरेतून वाकून भरलेली बादली उचला.
४. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून छातीकडे ओढा.
५. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन घरात फेऱ्या मारा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे मोजायला सोपं.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, आणि मध्ये किमान एक दिवस सुट्टी. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमू लागले की भार थोडा वाढवा. हाच नियम सूर्यनमस्कारालाही लागू आहे. शंभर नमस्कार सहज जमू लागले की त्याचा उपयोग दमासाठी जास्त आणि ताकदीसाठी कमी होतो.

जेवणात प्रथिनं हवीत. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला किमान ५० ग्रॅम. डाळ, उसळ, दही, शेंगदाणे, सोयाबीन, अंडी, मासे, जे तुमच्या घरी चालतं ते. आणि कृपा करून सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाऊ नका.

वजनकाट्यावर रोज उभं राहू नका. पहिले काही आठवडे फक्त ताकद वाढलेली जाणवेल. दिसण्यातला फरक तीनेक महिन्यांनी कळेल, तोही काट्यापेक्षा ब्लाउजच्या मापात.

काळजी: रक्तदाब जास्त असेल, हृदयविकार असेल, अंग बाहेर येत असेल, हाडं खूप विरळ असतील, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. भार उचलताना श्वास रोखू नका. सांध्यात कळ आली तर थांबा.

त्या ताई आता आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलतात आणि बाकीचे दिवस चालतात. दंडांबद्दल त्या हल्ली फारसं बोलत नाहीत. मागच्या भेटीत त्यांनी मला न सांगताच जमिनीवर मांडी घातली आणि हात न टेकता उठून दाखवलं.

आज संध्याकाळी तुम्हीही घरी हे करून बघा. उठता आलं नाही तर घाबरू नका. खुर्चीपासून सुरुवात करा.

काळजी घ्या, ताकद कमवा.