न फुटलेली मूर्ती



मागच्या महिन्यात रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही पहिली आज्ञा शिकवत होतो. सोन्याचे वासरू कोणी ओतले, मोशेने रागाने पाट्या का फोडल्या, हे सगळे नेहमीप्रमाणे सांगून झाले. शेवटी कुणाला काही विचारायचे आहे का, असे म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. "टीचर, गोव्यात आपल्या लोकांनी देवळं पाडली होती, हे खरं आहे का?" शाळेत त्याच्या मित्राने त्याला तसे विचारले होते आणि त्याला उत्तर देता आले नव्हते.

आम्ही तिघे स्वयंसेवक एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात मिस्साची घंटा झाली. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही वर्ग सोडला.

आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गोव्यातून घाट चढून आलेले आहेत. त्यामुळे हा प्रश्न आमच्याच घरातला आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही एका परदेशी मिशनऱ्याच्या आयुष्यापाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल: ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. आपण त्यांचा अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. पण अभिमानाच्या भरात त्यांच्या अवतीभवती काय चालले होते, हे आपण पाहत नाही. आज ते पाहू या.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. ते तरुण झाले तेव्हा इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे झाले होते. थॉमस पाउंड या मित्राबरोबर त्यांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले होते. पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. त्यांच्याच संघाच्या एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये फाशी देण्यात आले. सरकार एखाद्याच्या श्रद्धेवर हात टाकते तेव्हा काय होते, हे स्टीफन्स यांना कुणी शिकवायला नको होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर! उतरल्यावर काही दिवसांतच त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. जहाजावर लोकांच्या हिरड्या कशा सुजत, पाय कसे सुजत, दीडशेहून अधिक माणसे आजारी पडून त्यांतली सत्तावीस कशी दगावली, हे त्यांनी त्यात लिहिले आहे. हिंदुस्थान जवळ आल्याची खूण म्हणून आधी पक्षी दिसले, मग पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या फांद्या, मग पोहणारे साप. गोव्यात द्राक्षवेल सोडली तर युरोपातले एकही झाड दिसले नाही, असे ते सांगतात. पिण्याला चांगले पाणी, माडाची सुर आणि शहाळे मिळते, हेही कळवतात. तिशीतल्या मुलाने बापाला लिहिलेले साधे पत्र आहे ते. बापलेकांची पुन्हा भेट होणार नव्हती. स्टीफन्स पुढची चाळीस वर्षे इथेच राहिले आणि १६१९ मध्ये इथल्याच मातीत गेले.

त्यांना सेवेसाठी सासष्टी मिळाली. आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

हो, ते खरे आहे. स्टीफन्स येण्याच्या बारा-तेरा वर्षे आधी, १५६६-६७ च्या सुमारास, पोर्तुगीज अंमलदारांनी सासष्टीतली शेकडो देवळे पाडली होती. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. आज मंगेशी आणि कवळे येथे जी देवस्थाने आहेत, ती अशी तिथे पोहोचली. जुने धर्मग्रंथ बाळगायला बंदी आली. हे सगळे शिपाई आणि फर्माने यांच्या जोरावर झाले, आणि त्या जोराला धर्मगुरूंचा आशीर्वाद होता.

या आगीची झळ १५८३ च्या जुलै महिन्यात उलटून आली. फादर रुडाल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार सोबती चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळीला गेले असताना गावकऱ्यांनी त्यांना ठार मारले. त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोकही मेले. त्या आधीच्या मोहिमांत कुंकळ्ळीची देवळे जाळली-पाडली गेली होती, आणि त्या मोहिमांत या पाचांपैकी काहीजण सैन्याबरोबर होते. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना मारले. बोलणी करायला बोलावून! पाच हुतात्म्यांना १८९३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांचे स्मरण आपण करतो. असोळण्यात मेलेल्यांच्या आया-बायकांचे स्मरण आपल्या वर्गात कधी झाले नाही, हे आम्हाला परवा जाणवले.

कुंकळ्ळीतून त्या पाचांचे मृतदेह मिळवून आणण्याचे काम फादर स्टीफन्स यांनी केले. आपल्या सोबत्यांचे देह उचलताना त्यांच्या मनात काय आले असेल, ते परमेश्वरच जाणे. त्यांनी काय केले, तेवढे मात्र आपण पाहू शकतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी भाऊ रिचर्ड यांना पत्र लिहिले. त्यात या घटनेच्या हकिकतीबरोबरच इथल्या भाषांबद्दलही लिहिले आहे. या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांना दिसले होते. ज्या भाषांना त्या काळचे अनेक युरोपीय तुच्छ मानत, त्यांना त्यांनी आपल्या पूज्य भाषांच्या शेजारी बसवले. ते कोंकणी आणि मराठी शिकत राहिले. त्यांचे कोंकणी व्याकरण मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले.

आणखी एक प्रसंग त्याच वर्षाचा आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्लिश व्यापारी गोव्यात हेर समजून तुरुंगात टाकले गेले. ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्स यांचा मित्र तुरुंगात होता, त्याच राज्यातले हे लोक. स्टीफन्स यांनी धावपळ केली आणि ते जामिनावर सुटले. मिशनऱ्याचे रोजचे जीवन म्हणतात ते हेच: प्रेत उचलायला जाणे, तुरुंगातल्या माणसासाठी दारोदार फिरणे, वयाच्या तिशीत मुलासारखी बाराखडी गिरवणे.

आता ख्रिस्तपुराण. त्याच्या आरंभीच तो कसा सुचला, हे सांगितले आहे. धर्मशिक्षण चालू असताना एका ब्राह्मणाने उठून विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? वाचकहो, हा प्रश्न नीट ऐका. त्यात विनंती आहे, तशी वेदनाही आहे. घरातले पुस्तक काढून घेतलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे.

तो प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणे फार सोपे होते. किल्ला आपला, शिपाई आपले, फर्मान आपले. स्टीफन्स यांनी त्याला उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. ओवी हा छंद इथला, पुराण हा घाट इथला, भाषा मराठी, आणि ती लोकांना कळावी म्हणून तिच्यात कोंकणी शब्द मिसळलेले, जशी आपली सीमेवरची बोली असते तशी. हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन अक्षरांत छापला गेला. तो इथल्या लिपीत छापावा, ही त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला तसे लिहिलेही होते. पण त्यासाठी सहाशेच्या आसपास खिळ्यांचे साचे लागणार होते. ते झाले नाही.

स्टीफन्स यांना आम्ही निर्दोष ठरवत नाही. ते त्याच व्यवस्थेचे अंग होते, आणि जुन्या दैवतांविषयी त्यांच्या ग्रंथात कठोर बोलही आहेत. इंग्लंडमध्ये ज्या सक्तीतून ते निसटले, तशीच सक्ती इथे त्यांच्या झेंड्याखाली चालू होती. त्यांनी तिच्याविरुद्ध बंड केले, असे इतिहास सांगत नाही. पण अभ्यास करताना आम्हाला जे दिसले ते हे: सासष्टीत दगडाच्या मूर्ती फुटल्या, आणि एक मूर्ती आपल्याच घरात तशीच उभी राहिली. ती सत्तेची. लोक वाकले म्हणजे देव जिंकला, असे मानण्याची. तिच्यासमोर धूप जाळणाऱ्यांना आपण मूर्तिपूजा करतो आहोत, हे कळलेच नाही, कारण तिच्या हातात क्रूस होता.

संत पौल अथेन्समध्ये गेला, तेव्हा मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला. पण त्याने हातोडा घेतला नाही. तो त्यांच्या वेदीपाशी थांबला, त्यांच्याच कवींचे बोल घेऊन त्यांच्याशी बोलला. स्टीफन्स लिहायला बसले तेव्हा ते पौलाच्या जवळ होते.

सत्तेच्या मूर्तीचे पुढे काय झाले? १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ते राज्य गेले. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी ग्रंथ राहिला, कारण गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला, घरात वाचला, गायला. त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला गेला.

आता आमची कबुली. ही मूर्ती चारशे वर्षांपूर्वीची आहे, असे समजून आम्ही सुटू शकत नाही. मागच्या वर्षी आम्ही स्वयंसेवक लांबच्या वाडीवर घरभेटीला गेलो होतो. एका दिवसात बावीस घरे करायची, असे ठरले होते. एका घरात एक आजी मुलाविषयी काहीतरी सांगू लागल्या. आम्ही यादी पाहिली, घाईने प्रार्थना केली, त्यांच्याबरोबर फोटो काढला. चपला घालताना त्या म्हणाल्या, "बसला असतात तर चहा टाकला असता." संध्याकाळी बावीस फोटो ग्रुपवर गेले, सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या, आणि आम्ही खूश झालो. मुलाविषयी त्यांना काय सांगायचे होते, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा घराला कुलूप होते.

आकडा, फोटो, टाळ्या, मंचावरची खुर्ची, मोठे स्पीकर. या वस्तू वाईट नाहीत. वासराचे सोनेही वाईट नव्हते. ते इस्राएलच्या बायकामुलांच्या कानांतले होते. सेवा देवाची आहे, हे विसरून ती आमची झाली, की त्याच सोन्याचे वासरू होते. आणि सेवा करणाऱ्याला ते सगळ्यात उशिरा दिसते.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला सांगितले, "हो, ते खरं आहे." मग वर जे लिहिले आहे, ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आपण सॉरी म्हटलं का?" आम्ही त्याला सांगितले, की १२ मार्च २००० रोजी रोममध्ये संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या बळजबरीबद्दल सर्वांसमोर देवाची क्षमा मागितली. "आणि मित्राला मी काय सांगू?" त्याने विचारले. "जे खरं आहे ते सांग. आणि त्याच्या घरी कोणती देवाची गोष्ट सांगतात, ती त्याला विचार. ऐकून घे." एवढेच आम्हाला सुचले.

या आठवड्यात आपणही एक करू या. एका घरी यादी न घेता जाऊ, मोबाइल पिशवीत ठेवू, आणि चहा होईपर्यंत बसू.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू देवपण धरून न बसता दासाचे रूप घेतलेस. आमच्या पूर्वजांनी तुझ्या नावाने जी मने दुखावली, त्यांची आम्हाला क्षमा कर. आमच्या सेवेत लपून बसलेली मूर्ती आम्हाला दाखव, आणि ती फोडायला आमचाच हात पुढे कर. ज्यांची भाषा आम्हाला येत नाही, त्यांच्यासमोर आम्हाला शिकणारे बनव. आमेन.