सुईवाला गेला, व्हिडिओवाला आला

आज जरा जुनी गोष्ट सांगते.

आपल्या पणजीच्या काळापर्यंत देशात गावोगाव मोतीबिंदू काढणारे फिरस्ते यायचे. डोळ्यात सुई घालायची आणि गढूळ झालेलं भिंग आत ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. वाट मोकळी झाली की उजेड आत शिरायचा. तो बोटं धरून विचारायचा, “किती?” म्हातारी “दोन” म्हणाली की बघणारे थक्क! पैसे घेऊन गडी पुढच्या गावाला. मग डोळा सुजायचा, ठणकायचा, कित्येकींचा कायमचा जायचा. जाब विचारायचा कुणाला? मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे डॉक्टर रॉबर्ट एलियट यांनी असे बिघडलेले डोळे तपासून १९१७ साली त्यावर पुस्तकच लिहिलं.

ही सुई सुश्रुतसंहितेतही आहे बरं का. पण तिथं ती सगळ्यांना नाही. कफामुळं झालेल्या दोषालाच. दिसू लागलं की सुई हळूच काढायची, तूप लावून डोळा बांधायचा, रोग्याला उताणं झोपवायचं. शिंक, खोकला, थुंकणंसुद्धा सांभाळायचं. दर तिसऱ्या दिवशी डोळा सोडून धुवायचा. असे दहा दिवस. फिरस्त्यानं सुई तेवढी घेतली, दहा दिवस सोडून दिले.

आता मोबाइलवर बघा. कांद्याचा रस, मध घाला, मोतीबिंदू विरघळेल! आधी चाचपडणारी आजी, मग तीच सुई ओवताना. दोन्हींच्या मधे काय झालं आणि सहा महिन्यांनी काय झालं, ते दाखवत नाहीत. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंगच गढूळ होणं. वरून घातलेल्या रसानं ते स्वच्छ होत नाही, उलट बुबुळाला इजा होते. काचबिंदू तर त्याहून वाईट. बहुतेकदा दुखत नाही, कळत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी उपचारानं राखता येते. आमच्या एका गटातल्या मावशींनी पाच महिने असे थेंब घातले. तपासणीत काचबिंदू निघाला. एका डोळ्यानं आता त्यांना फक्त उजेड कळतो.

सगळेच व्हिडिओ खोटे नसतात. सांगणाऱ्याचं नाव, पदवी, दवाखाना दिसतोय का? शेवटी बाटली विकतोय का? डोळा तपासून घ्या असं म्हणतोय का? एवढं तरी बघा.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, आत नवं भिंगही बसवतात. आपल्या कोल्हापुरात सीपीआरमध्ये नेत्र विभाग आहे. गटात कुणाला धुरकट दिसत असेल, तर या आठवड्यातच आशाताईंना सांगा. आणि जाताना घरात घालत असलेली थेंबांची बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.