अंडे (पक्ष्याचे) : अंडनलिकेतील थरांची घडण

पक्ष्याचे अंडे आतून बाहेर थराथराने तयार होते : आधी पिवळा बलक, त्यावर पांढरा, मग दोन पापुद्रे आणि शेवटी टरफल. सर्वाधिक अभ्यास कोंबडीचा झाला असल्याने येथे तिचेच अंडे घेतले आहे. कोंबडीत डावा अंडाशय आणि डावी अंडनलिका एवढीच कामाची असते. अंड्यावर आलेल्या कोंबडीची ही नळी साधारण ६० ते ७० सें.मी. लांब असते, आणि बलक सुटल्यापासून अंडे घातले जाईपर्यंत २४ ते २६ तास लागतात.

नळीचे नरसाळ्यासारखे तोंड सुटलेला बलक झेलते. फलन व्हायचे तर येथेच, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत. पुढच्या लांब भागात सुमारे तीन तास पांढऱ्या बलकाचे थर चढतात. अंडे गोल फिरत पुढे सरकते आणि त्या फिरण्याने बलकाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पिळदार दोऱ्या तयार होतात. कच्चे अंडे फोडल्यावर त्या स्पष्ट दिसतात. अनेकजण घाण समजून त्या काढून टाकतात. खरे तर बलकाला मधोमध तोलून धरणाऱ्या त्याच.

नंतरच्या अरुंद भागात तासा-सव्वा तासात दोन पापुद्रे बसतात. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या घरी सावजी अंडाकरीसाठी उकडलेली अंडी सोलताना हेच पापुद्रे नखाला लागतात. रुंद टोकाला जो खळगा दिसतो, ती हवेची पोकळी. ती कोंबडीच्या पोटात नसते. घातलेले अंडे थंड होऊन आतला भाग आकसला की दोन पापुद्र्यांमध्ये हवा शिरते.

सर्वांत जास्त वेळ, १८ ते २० तास, टरफलाला लागतो. आधी पापुद्र्यांतून पाणी आत जाऊन ढिली पिशवी तट्ट फुगते, मग बाहेरच्या पापुद्र्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक उभे राहतात. टरफल जेमतेम ०.३ ते ०.४ मि.मी. जाड, पण त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. हे काम बरेचसे रात्री, कोंबडी काही खात नसताना चालते. कमी पडलेले कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी घालणे म्हणूनच शहाणपणाचे. तपकिरी रंग आणि जंतूंना अडवणारे बाहेरचे पातळ आवरण अगदी शेवटी चढते.

नागपूरचा मे महिना याच टप्प्यावर घाव घालतो. कोंबडीला घाम येत नाही. पारा ४५ अंशांकडे गेला की ती चोच उघडून धापा टाकते. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्तातले बायकार्बोनेट घटते आणि टरफलाला कार्बोनेट अपुरे पडते. त्यात उन्हाने खाणेही तुटते. अशी पातळ टरफलाची अंडी ट्रेमध्येच तडकतात. दोष दाण्याचा किंवा जातीचा असेलच असे नाही. आधी सावली, वारा आणि गार पाणी बघावे.

क्वचित तयार अंडे नळीत उलटे मागे ढकलले जाते आणि त्यावर दुसरे टरफल चढते : अंड्यात अंडे. हा प्रकार पक्ष्यांपुरताच मानला जाई. पण मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, पाडल्या येथे लमेटा नावाच्या खडकांत एका टायटनोसॉर डायनोसॉरचे असेच दुहेरी टरफलाचे अंडे सापडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच खडक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही आहेत. तेथे डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत.