कोरड्या जमिनीवरची वल्ही

इसवी सनापूर्वी 260 च्या सुमारास इटलीत शेकडो माणसे कोरड्या जमिनीवर बसून वल्ही मारायला शिकत होती. कार्थेजशी युद्ध जुंपलेले. कार्थेजचे सारे बळ समुद्रावर, आणि रोमपाशी तर नाव घेण्यासारखे आरमारच नाही. तेव्हा किनाऱ्याला लागलेले शत्रूचे एक जहाज नमुन्यादाखल धरून रोमनांनी 100 मोठी आणि 20 लहान जहाजे बांधायला घेतली. सुतार मिळाले, लाकूड मिळाले. पण वल्हेकरी कोठून आणायचे? या अडचणीची हकीकत ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने लिहून ठेवली आहे. जहाजात ज्या क्रमाने बसायचे त्याच क्रमाने जमिनीवर बाक मांडण्यात आले, मधोमध ताल देणारा उभा राहिला, आणि त्याच्या हाकेसरशी सगळ्यांनी एकदम मागे रेलून हात छातीशी ओढायचे, मग पुढे झुकून हात लांबवायचे, असा सराव सुरू झाला. त्याच वर्षी मायली येथील लढाईत या नवशिक्यांच्या आरमाराने कार्थेजला हरवले. शत्रूच्या जहाजावर टाकायच्या पुलाचाही या विजयात मोठा वाटा होता हे खरे. पण पुलाच्या टप्प्यात जहाज न्यायला वल्हीच लागतात.

ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, कोरड्या जमिनीवर वल्ही मारणे हा आता एक स्वतंत्र खेळ होऊन बसला आहे. घरातल्या एखाद्या कोपऱ्यात यंत्र मांडलेले असते. समोर आकडे दाखवणारी छोटी चौकट. आणि इंटरनेटच्या द्वारे त्या आकड्यांची बेरीज दूरदेशीच्या सोबत्यांच्या आकड्यांशी होते. असे संघ जमतात, त्यांच्या चढाओढी होतात. त्यात विशीतला तगडा जवान असतो, तशी सत्तरीची आजीही असते. साहजिकच प्रश्न उभा राहतो, की अशा संघात कोणाला घ्यावे? सगळ्यांनाच घ्यावे काय? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु वल्ह्यांच्या खेळाचा इतिहास ज्याने थोडाबहुत चाळला आहे त्याला तो किरकोळ वाटणार नाही. कारण कोणाला बाहेर ठेवायचे, याविषयी या खेळाइतका काथ्याकूट क्वचितच दुसऱ्या खेळाने केला असेल.

नावेचा स्वभावच आधी समजून घेतला पाहिजे. आठ वल्ह्यांच्या शर्यतीच्या होडीत प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे असते. आठही पाती एका क्षणी पाण्यात शिरली पाहिजेत आणि एका क्षणी बाहेर आली पाहिजेत. एकाचे वल्हे निमिषभर मागे राहिले तर होडी कलते आणि इतर सातांची मेहनत फुकट जाते. जो कमी ओढतो त्याचे वजन मात्र होडीला पुरतेच वाहावे लागते. तेव्हा दुबळ्याला होडीत न घेण्याला एक सबळ सबब नेहमीच होती, आणि ती खोटी नव्हती. पाणी कोणाची भीड धरीत नाही.

पण एकदा दार लावायची सवय जडली, की माणूस सबबीच्या पलीकडे जातो. इंग्लंडात नेमके हेच घडले. टेम्स नदीवर उतारू नेणाऱ्या नावाड्यांची शर्यत 1715 पासून चालत आलेली होती; म्हणजे हा खेळ मुळात पोटासाठी वल्हे मारणाऱ्यांचा. पुढे 1829 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली शर्यत झाली, 1839 मध्ये हेन्लीचा जलोत्सव सुरू झाला, आणि खेळ सभ्य गृहस्थांच्या हाती गेला. 1879 मध्ये हेन्लीच्या चालकांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली. बक्षिसाच्या पैशासाठी खेळणारा हौशी नव्हे, एवढ्यावर ती थांबली नाही. जो मजुरी घेऊन कारागीर, यंत्रकामगार अथवा मजूर म्हणून राबतो किंवा पूर्वी कधी राबला असेल, तोही हौशी नव्हे! युक्तिवाद असा, की अंगमेहनतीने ज्याचे दंड पिळदार झाले आहेत त्याच्याशी टेबलापाशी बसून काम करणाऱ्याने सामना करणे न्यायाचे होणार नाही. येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. दुबळा नको, कारण तो होडी मागे ओढतो; आणि मजूर नको, कारण तो होडी फार पुढे नेईल! आणि दोन्ही वेळा दुहाई दिली जाते ती न्यायाचीच.

या नियमाने जे केले त्याची साक्ष नावानिशी देता येते. फिलाडेल्फियाच्या जॉन केली याने 1920 मध्ये हेन्लीसाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. त्याच्या क्लबवर जुनी बंदी होती, आणि तो स्वतः विटा रचण्याचे काम केलेला गवंडी होता. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीत सुवर्णपदक मिळवले. हरवले कोणाला, तर त्या वर्षीच्या हेन्लीच्याच विजेत्याला, जॅक बेरेसफर्डला. पुढे 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकला निघालेला ऑस्ट्रेलियाचा आठजणांचा संघ हेन्लीला आला, त्यालाही दार बंद; कारण ती आठही माणसे पोलीस शिपाई होती. त्या प्रकरणाचा बोभाटा झाला आणि 1937 मध्ये अंगमेहनतीचे ते कलम एकदाचे निघाले. गवंड्याच्या मुलाने, धाकट्या जॉन केलीने, 1947 मध्ये तीच हेन्लीची शर्यत जिंकली. अठ्ठावन्न वर्षे टिकलेल्या एका वाक्याचा असा निकाल लागला.

तरीही सगळे इंग्लंड त्या वाक्यामागे उभे होते असे समजू नये. फ्रेडरिक फर्निव्हल नावाचे एक विद्वान गृहस्थ, ज्यांनी पुढे ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोश म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कोशाचे आरंभीच्या काळात संपादन केले, ते वल्ह्याचे मोठे शौकीन होते. कारागिरांना वगळणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. 1890 मध्ये कष्टकऱ्यांना सामावून घेणारी निराळी संघटना निघाली, तिच्या उभारणीत ते होते. एवढे करून ते थांबले नाहीत. 1896 मध्ये हॅमरस्मिथला त्यांनी मुलींसाठी नौकाक्लब काढला. त्यात चहाच्या दुकानांत राबणाऱ्या मुली येत. त्या वेळी फर्निव्हल सत्तरी ओलांडलेले होते. बायकांच्या नौकाशर्यती ऑलिंपिकमध्ये यायला त्यानंतर 80 वर्षे, म्हणजे 1976 साल उजाडावे लागले. फर्निव्हलांची मला विशेष वाटणारी गोष्ट ही, की त्यांनी त्या मुलींना काठावर बसवून टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. त्यांच्या हाती वल्ही दिली.

आता यंत्राकडे वळू. डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे दोघे अमेरिकन भाऊ स्वतः वल्हेकरी. 1976 पासून ते हलक्या वजनाची वल्ही बनवीत. त्यांचे गाव उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यात; हिवाळ्यात पाणी गोठून जाते. सराव कशावर करायचा? सायकलच्या चाकाला पंखे लावून, साखळीने ते फिरवायचे असे यंत्र त्यांनी 1981 मध्ये विक्रीस आणले. जितक्या जोराने ओढावे तितका वारा चाकाला अडवतो. अशी सरावाची यंत्रे पूर्वीही होती, पण ती अवजड आणि महाग. हे मात्र साधे होते. लवकरच बॉस्टनच्या परिसरातल्या माजी राष्ट्रीय वल्हेकऱ्यांनी या यंत्रावर हिवाळी शर्यत भरवली, आणि ‘दिवस सरलेले तारे’ अशा अर्थाचे नाव थट्टेने स्वतःच्या मंडळाला दिले.

यंत्राचा पहिला उपयोग मात्र चाळणीसारखा झाला. 2000 मीटरला तुला किती वेळ लागतो? एवढ्या एका आकड्यावर शिक्षक मुलांना संघात घेऊ किंवा वगळू लागले. होडीत ज्याची कमजोरी आठांच्या गर्दीत लपून जात असे, त्याची आता उघड मोजदाद होऊ लागली.

परंतु त्याच यंत्रात दुसरीही शक्यता दडलेली होती. यंत्रावर शेजारच्याच्या चुकीने आपले यंत्र कलत नाही. मी सावकाश ओढले म्हणून सोबत्याचे मीटर कमी होत नाहीत. दोन ओढींच्या मधल्या काळात चाक किती मंदावते हे मोजून यंत्र हवेचा अवरोध स्वतःच हिशेबात धरते. त्यामुळे बॉस्टनचा मीटर आणि पुण्याचा मीटर सारखाच भरतो. दुबळ्याला वगळण्याची जी एकमेव खरी सबब होती, ती पाण्याबरोबरच गेली.

याखेरीज गणिताचा एक नियमही दुबळ्याच्या बाजूने उभा आहे. येथे वेग दुप्पट करायचा तर जोर आठपट लावावा लागतो. जो माणूस दर 2 मिनिटांना 500 मीटर तोडतो तो सुमारे 203 वॅट शक्ती लावतो आणि तासाभरात 15,000 मीटर जातो. ज्याला त्याच 500 मीटरना 3 मिनिटे लागतात तो अवघे 60 वॅट लावतो. पण तासात 10,000 मीटर जातो. शक्ती तिसऱ्या हिश्श्याहून कमी, अंतर मात्र दोन तृतीयांश! आणि त्याने आणखी अर्धा तास नेट धरला तर तोही 15,000 वर येऊन पोचतो. म्हणून संघाचा हिशेब वॅटमध्ये करायचा की मीटरमध्ये, हा निव्वळ मोजमापाचा प्रश्न राहत नाही. कोणाला बरोबर घ्यायचे, हे त्यातच ठरून जाते.

तोच प्रकार बेरजेचा आणि सरासरीचा. संघातल्या सगळ्यांचे मीटर बेरजेने मोजले, तर दुबळ्याचे 1000 मीटरही संघाला 1000 ने पुढे नेतात. पण माणशी सरासरी काढू लागताच तोच माणूस संघाला मागे ओढणारा ठरतो, आणि कप्तानाच्या मनात त्याला वगळण्याचा विचार येतो. कप्तान वाईट नसतो. नियम त्याला तसे करायला लावतो. संघाची संख्या ठरवून दिली तरी हेच होते, कारण मग दुबळा कोणाची तरी जागा अडवतो. संख्या मोकळी सोडावी तर मोठा संघ नेहमीच जिंकणार. यावर उपाय म्हणून जानेवारीत महिनाभर चालणाऱ्या सांघिक चढाओढीसारख्या प्रसंगी मीटरांची बेरीज धरतात, आणि लहानमोठ्या संघांची निरनिराळी तुलना करता येते. हेन्लीच्या एका वाक्याने जे केले ते एका भागाकारानेही होऊ शकते, एवढे या खेळातल्या शहाण्या माणसांनी ओळखले आहे.

कोणी म्हणेल, की दहा लाखांच्या बेरजेत एखाद्याचे हजार मीटर असले काय नि नसले काय! ही दयाबुद्धी झाली, खेळ कसला? आक्षेप खोटा नाही. ज्याच्या असण्यानसण्याने काही फरक पडत नाही तो संघात असून नसल्यासारखाच. म्हणूनच नुसत्या बेरजेवर भागत नाही. वय, वजन, स्त्री-पुरुष असे वेगळे वर्ग लागतात. माणसाच्या आजच्या वेळेची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याच्या वेळेशी करावी लागते. अपंगांसाठी 2008 मध्ये बीजिंगच्या पॅरालिंपिकपासून नौकाशर्यती आहेत. त्यांत केवळ हात-खांद्यांच्या बळावर, धड आणि हातांच्या बळावर, किंवा पायांसकट सर्वांगाच्या बळावर वल्हवणारे, असे वर्ग पाडले आहेत. येथे कोणी कोणाला सवलत देत नाही. जो ज्याचा खरा प्रतिस्पर्धी, त्याच्याशी त्याची गाठ घालून दिली जाते.

जमिनीवरच्या या खेळाची जागतिक स्पर्धा 2018 मध्ये प्रथम अमेरिकेत भरली. 2020 मध्ये साथ आली, क्लबांना कुलपे लागली आणि होड्या छपरांखाली पडून राहिल्या. 2021 ची जागतिक स्पर्धा जो तो आपापल्या ठिकाणाहून खेळला. ज्यांना म्हातारपणामुळे, आजारामुळे किंवा नदीच जवळ नसल्यामुळे आजवर घरी राहावे लागत होते, त्यांच्याच पंक्तीला त्या वर्षी जगज्जेतेही येऊन बसले.

या गोष्टीत आपल्याकडचे एक नाव अगत्याने घेतले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावचे दत्तू भोकनळ. दुष्काळी मुलूख, वडील विहिरी खणणारे, आणि मुलगाही लहानपणापासून मजुरीला जुंपलेला. 2012 मध्ये ते सैन्यात शिरले. तोवर वल्हे हाती धरलेले नव्हते आणि पाण्याची भीतीही होती. पुण्यात ते वल्हवायला शिकले, 2016 मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरीत 13 वे आले, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक आणले. 1879 च्या व्याख्येनुसार हा माणूस हौशी ठरला नसता. पूर्वी कधी मजुरी केली, एवढेच पुरेसे होते.

ते कलम गेले. पण दार पुरते उघडले असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. चांगल्या यंत्राची किंमत आपल्याकडे लाख रुपयांच्या पुढे जाते, आणि ते ठेवायला घरात सात-आठ फूट मोकळी जागा लागते. नियमात मजुराला मज्जाव नाही. पण तळेगाव रोहीच्या मुलाच्या घरी हे यंत्र येणार कसे? सैन्याने दत्तूंना होडी दिली म्हणून आपल्याला दत्तू दिसले. एखाद्या शाळेने, व्यायामशाळेने, ग्रामपंचायतीने एक यंत्र घेऊन दहा जणांनी ते आळीपाळीने वापरले, तर दहांची बेरीज एकाच खात्यावर मांडता येईल. रोमन लोकांनी तरी दुसरे काय केले होते? त्यांना माणसांची गरज होती, म्हणून त्यांनी आधी बाक मांडले. वल्हे मारता येते काय, हे नंतर पाहिले.