ट्रकखाली गेलेल्या माणसाचा वकील कोण?

ऊसतोडीचा हंगाम आला की मराठवाड्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोयते, लेकरे आणि त्यावर माणसे. ट्रक उलटतो, ट्रॉली निसटते, आणि काही माणसे परत येत नाहीत. मग त्या घरी दोन माणसे पोहोचतात. एक मुकादम किंवा मालकाचा माणूस, थोडे पैसे देऊन "मिटवून टाका" म्हणणारा. दुसरा एजंट, वकीलपत्रावर अंगठा मागणारा आणि मिळेल त्यात टक्केवारी ठरवणारा. तिसरा माणूस मात्र कुणी बोलावतच नाही. तो म्हणजे शासनाच्या खर्चाने मिळणारा वकील. त्याच्यावर या कुटुंबाचा कायदेशीर हक्क आहे. हा हक्क आला कुठून आणि तो आपल्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही, हे आम्हाला इथे मांडायचे आहे.

जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस मेला की त्याच्या नुकसानीचा दावाही त्याच्याबरोबर मरत असे. भारतात १८५३ मध्ये रेल्वे धावली आणि १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा आला. त्याने वारसांना दावा करता येऊ लागला. पण तो साधा दिवाणी दावा होता. कोर्ट फी भरा, वकील लावा, समोरच्याचा दोष सिद्ध करा आणि वर्षानुवर्षे तारखा करा. ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, तो दिवाणी न्यायालयाची पायरी कशी चढणार? हक्क कागदावर होता, पण तो चालवण्याचा खर्च श्रीमंताच्या ऐपतीचा होता.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाईत माणसाच्या इजेसाठी विमा सक्तीचा केला आणि १ जुलै १९४६ पासून ती सक्ती लागू झाली. आता मालक कंगाल निघाला तरी मागे विमा कंपनी उभी राहिली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो पुढे आला, आणि तो समजून घेणे गरजेचे आहे.

१९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये, म्हणून शासनाने मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे, असे तो सांगतो. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही जातीच्या स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला मोफत विधी सेवेचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. पण हा कायदा झाला तेव्हा धर्मांतरित बौद्ध केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नव्हते. बाबासाहेबांच्या मागे गेल्याची ती शिक्षा होती. १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ रोजी विधी सेवा कायदा अमलात आला. म्हणजे आज बौद्ध ऊसतोड मजुराच्या घराला जो वकील मोफत मिळू शकतो, त्यामागे धर्मांतरानंतरची तीन दशकांहून अधिक काळची लढाई आहे. याला कुणी सरकारी भीक म्हणत असेल, तर त्याला हा इतिहास ठाऊक नाही.

वकील का लागतो? भरपाई तर कायद्यातच लिहिली आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी ट्रकच्या अपघाताचे कागद एकदा पाहावेत. २००२ च्या शेवटी आशा रानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशासाठी विमा कंपनी जबाबदार नाही. मात्र कामगार नुकसानभरपाई कायद्याखालील जबाबदारीपुरते, त्याच गाडीतून नेले जाणारे गाडीमालकाचे मजूर सक्तीच्या विम्यात येतात. म्हणजे पंचनाम्यात 'प्रवासी' लिहिले की कंपनी हात झटकते आणि 'मजूर' सिद्ध झाले की तिला पैसे द्यावे लागतात. उचल कुणी दिली, टोळी कुणाची, ट्रक कुणाचा, हे पुराव्यानिशी मांडणे हे वकिलाचे काम आहे. चालकाकडे वैध परवाना नव्हता, हाही कंपनीचा नेहमीचा बचाव. पण २००४ च्या स्वर्ण सिंग निकालाने अशा प्रकरणांत आधी पीडिताला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा, हा मार्ग पक्का केला. हे न्यायाधिकरणापुढे कुणीतरी बोलावे लागते.

बाईचे काय? नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचल पुरुषाच्या नावावर लागते. बाई मेली की तिची कमाई शून्य दाखवली जाते. खरे तर नुसते घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही मोल आहे आणि ते धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा आणि २०२१ च्या कीर्ती प्रकरणांत मान्य केले आहे. फडात ऊस तोडून वर चूल पेटवणारीचे मोल त्याहून कमी कसे? हा प्रश्न वकिलाने विचारला नाही, तर तो विचारलाच जात नाही.

आता मुदतीचे. १९९४ मध्ये दाव्याची कालमर्यादा काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा करण्याची अट लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. सहा महिन्यांचा बराचसा काळ हंगामातच जातो. एक चांगली गोष्ट अशी की, अपघात बेळगावकडे झाला तरी दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो.

मोफत वकील नीट काम करत नाही, ही तक्रार खरी आहे. पॅनेलवरच्या वकिलाला मानधन कमी मिळते आणि त्याच्याकडे प्रकरणे फार असतात. पण म्हणून टक्केवारीवाल्याच्या दारी जायचे का? निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा भरपाईत वाटा घ्यायला बार कौन्सिलचे नियमच मनाई करतात. आपले काम वेगळे आहे. वकील काम करत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून दुसरा मागा. तारखेला कुटुंबाबरोबर कार्यकर्ता उभा राहू द्या. समाजातल्या वकिलांनी या पॅनेलवर जावे.

चवदार तळ्याचा दिवाणी दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. सत्याग्रह रस्त्यावर झाला, पण बाबासाहेबांनी कोर्टातली बाजूही सोडली नाही. आपण मात्र अपघातानंतर रास्ता रोको करतो, निवेदन देतो आणि घरी येतो. कागद एजंटाच्या हातात राहतात.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. टोळी निघण्याआधी प्रत्येक वस्तीत तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि १५१०० हा क्रमांक पोहोचवा. अपघात झाला तर एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकचा नंबर आणि विम्याची प्रत मिळवा. जातीचा दाखला जोडून वकिलासाठी अर्ज करा. आणि तोपर्यंत कोऱ्या कागदावर अंगठा उठवू देऊ नका.

जय भीम!